रेखा सिस्टरचा स्टुडंट व्हिसा

आमच्या धंद्यात पैसा शिळा लागतो. ताजा चालत नाही. ही गोष्ट पालकांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पिकले.

मस्कतमध्ये रुवी भागातल्या एका ऑफिसात बसून मी भारतीय मुलांना परदेशातल्या मेडिकल कॉलेजांत पाठवायचं काम केलं. गेल्या उन्हाळ्यात खुर्ची सोडली. लोकांना वाटतं, यात काय आहे, फॉर्म भरायचे आणि विमानात बसवून द्यायचं. प्रत्यक्षात कॉलेजचा प्रवेश हा सगळ्यात सोपा भाग. आपल्या मुलांना आधी 'नीट' ही प्रवेशपरीक्षा पास करावी लागते, कारण त्याशिवाय परदेशातली डिग्री घेऊन आलात तरी भारतात दवाखाना थाटता येत नाही. परत आल्यावर आपल्याकडची आणखी एक परीक्षा असतेच. पण खरी कुस्ती व्हिसाची. वकिलातीला दोनच शंका असतात: हा मुलगा खरंच शिकायला चाललाय का, आणि याच्या बापाकडे खरंच पैसे आहेत का. दुसऱ्या शंकेसाठी बँकेचा उतारा मागतात, आणि त्यात पैसा काही महिने मुरलेला दिसावा लागतो. काल कुणाकडून उचलून आज खात्यात टाकला, तर त्यांना लगेच वास येतो.

मत्रहच्या बाजारात मसाल्याचं दुकान असलेले करीमशेठ, मूळचे रत्नागिरीकडचे, मुलाच्या व्हिसाच्या मुलाखतीला स्वतः गेले होते. अधिकाऱ्याने खात्यातल्या मोठ्या रकमेबद्दल विचारलं, तर हे अभिमानाने म्हणाले, "कालच भरली. एकदम फ्रेश!" मुलाचं एक सत्र बुडालं. शेठ माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, मासळी ताजी पायजे आणि पैसा शिळा, हे कुठलं शास्त्र?" पुढच्या सत्राला मुलगा गेला. शेठनी मला दालचिनीचा एवढा मोठा डबा पाठवला की आमच्या घरात आजही संपलेला नाही.

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण सांगायची आहे ती रेखा पेडणेकरची गोष्ट.

रेखा मस्कतच्या एका खाजगी हॉस्पिटलात सीनियर स्टाफ नर्स होती. मूळची वेंगुर्ल्याजवळची. नवरा दिगंबर सूर नावाच्या बंदराच्या गावी, मच्छीमार बोटींची इंजिनं बसवायच्या वर्कशॉपमध्ये. तो दर गुरुवारी संध्याकाळी मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या फ्लॅटवर यायचा आणि शनिवारी परत जायचा. एकुलती एक मुलगी सानिका, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये अकरावीला. तिघं एका शनिवारी सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. रेखा नेमकी ड्यूटी संपवून आली असावी, केस घट्ट बांधलेले, हाताला सॅनिटायझरचा वास.

"मॅडम, हिला डॉक्टर करायचंय," ती म्हणाली. "आत्तापासून तयारीला लागलेलं बरं."

मी माझी नेहमीची टेप लावली. कुठला देश, फी किती, वसतिगृह कसं, जेवण कसं. दिगंबर मान डोलावत होता. सानिका खिडकीतून बाहेरचा रस्ता बघत होती. अशा वेळी मी मुलांना एक प्रश्न मुद्दाम विचारते, पालकांना आवडो न आवडो. "सानिका, तुला काय वाटतं?"

ती आईकडे न बघता म्हणाली, "मला नको आहे डॉक्टर. मला शिप्स डिझाइन करायची आहेत. पपांना माहिती आहे."

दिगंबर एकदम स्वतःचे बूट बघायला लागला.

रेखा म्हणाली, "अगं, हे आपण घरी बोललोय ना?"

"तू बोलली. मी ऐकली," सानिका म्हणाली. इथल्या मुलांचं मराठी असंच, पण त्यातून काय सांगायचं ते अचूक पोचतं. मग ती वळली आणि रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, तुलाच एवढं आवडतं ना? मग तूच करून टाक ना."

मी हसले. दिगंबर हसला. रेखा हसली नाही. तिने पर्स उचलली, थँक्यू म्हणाली आणि तिघं गेली. मला वाटलं, एक गिऱ्हाईक गेलं.

दोनतीन दिवसांनी ती एकटी आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "या ॲडमिशनला वयाची अट असते का हो?"

"कमीत कमी सतरा पूर्ण लागतं."

"ते नाही. जास्तीत जास्त."

"नसते. का? कुणासाठी?"

ती टेबलावरचा माझा स्टेपलर सरळ करून ठेवत म्हणाली, "माझ्यासाठी."

मी या खुर्चीवर इतकी वर्षं काढली होती, पण हा प्रश्न कधी आला नव्हता. ती चाळिशी ओलांडलेली. मग तिने सांगितलं. बारावीला मार्क चांगले होते. पण पाठीवर दोन भावंडं होती, आणि नर्सिंगच्या वसतिगृहात राहून शिकताना विद्यावेतन मिळायचं, म्हणून तिकडे गेली. त्याबद्दल तक्रार नव्हती. "काम मला आवडतं, ताई. मी चांगली नर्स आहे. पण एक इच्छा होती ती मी उचलून सानिकाच्या डोक्यावर ठेवली. ती बिचारी इतकी वर्षं वागवत होती. परवा तिने ती माझ्या हातात परत दिली. आता मी तिचं काय करू?"

मॅडमची ताई झाले ती त्या दिवशी.

मी तिला परावृत्त करायचा रीतसर प्रयत्न केला. सहा वर्षं लागतील, थंडी असेल, वर्गात तुझ्या मुलीच्या वयाची पोरं असतील, परत आल्यावर परीक्षा, त्यापुढे पुन्हा हॉस्पिटलात उमेदवारी. ती सगळं ऐकून म्हणाली, "फिजिक्सचं काय करायचं ते सांगा. बाकीचं बघून घेईन."

फिजिक्सचं सानिकाने बघितलं. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा डायनिंग टेबलावर आईची शिकवणी चालली होती. सानिका हातात पट्टी घेऊन, "आई, तू फोकस नाही करत आहे. फोर्सचा ॲरो कुठे जाणार?" आणि रेखा, जिच्या वॉर्डात शिकाऊ नर्सेस चळाचळा कापायच्या म्हणे, ती पेन्सिल चावत बसलेली. जीवशास्त्र तिला सोपं गेलं, रसायन ती घोकायची, फिजिक्स मात्र रोज भांडण झाल्याशिवाय पुढे सरकत नसे. मायलेकींमध्ये आधी जे अवघडलेपण होतं ते त्या भांडणांत कुठल्या कुठे गेलं. सानिकाही त्या वर्षी फिजिक्समध्ये वर्गात पहिली आली. शिकवल्याने पक्कं होतं म्हणतात, ते हे असं.

नीटचं केंद्र मस्कतमध्येच होतं. सानिकाची बारावी संपली त्या मे महिन्यातली दुपार, म्हणजे मस्कतमध्ये चपलेखाली डांबर मऊ लागतं. आमच्या ऑफिसची काही मुलं परीक्षेला होती म्हणून मीही फाटकापाशी उभी होते. रेखा रांगेत उभी राहिली, तर पहारेकरी तिला बाजूला करून म्हणाला, "मॅडम, पेरेंट्स उधर. उधर छाँव में."

"मैं पेरेंट नहीं हूँ," रेखाने प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि शेजारच्याला बोलावून त्यालाही तो फोटो दाखवला. मागची मुलं खिदळायला लागली. रेखाने कानातलं आणि बांगड्या काढून सानिकाच्या हातात दिल्या आणि आत गेली. सानिकाने स्वतः नीटचा फॉर्म भरलाच नव्हता. ती सावलीत सगळ्या आयांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली, हातात आईच्या बांगड्या आणि पाण्याची बाटली. एका बाईने विचारलं, "भाऊ आहे का आत?" सानिका म्हणाली, "नाही, आई आहे. फिजिक्सचं टेन्शन आहे."

रेखा पास झाली. भारतातल्या सरकारी सीटपर्यंत पोचणारे मार्क नव्हते, पण बाहेर जायला पुरेसे होते. आमच्या ऑफिसचे मालक, म्हणजे आमचे ओमानी अर्बाब, आठवड्यातून एकदा कहवा प्यायला यायचे. त्यांना मी ही बातमी सांगितली. ते म्हणाले, "माशाल्ला! बेटी का काम हो गया?" मी म्हटलं, "बेटी का नहीं, माँ का." त्यांनी कप खाली ठेवला, पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी रेखासाठी हलव्याचा मोठा डबा पाठवला.

आता पैशाचं. कॉलेज होतं एका डोंगराळ, थंड देशातलं. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांच्या वकिलातीतली माणसं अजून ओळखीची आहेत. फी आपल्याकडच्या खाजगी कॉलेजांच्या मानाने पुष्कळ कमी, पण दोन पगारांवर चाललेल्या घरातला एक पगार थांबणार आणि सानिकाचं इंजिनिअरिंगही त्याच वर्षी सुरू होणार. रेखाने गावाकडच्या एका बँकेत शैक्षणिक कर्जासाठी माझ्यासमोरूनच फोन लावला. पलीकडचा तरुण उत्साहात होता. "मॅडम, विद्यार्थ्याला फोन द्या."

"बोला, मीच बोलतेय."

"नाही, जो शिकणार आहे त्याला द्या."

"मीच शिकणार आहे."

पलीकडे कीबोर्डची खडखड. मग, "मॅडम, आमच्या योजनेत तुमचं वय बसत नाही."

"वर्गातही बसत नाही. पण मी बसणार आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग दिगंबरने इथल्या बँकेतून पगारावर कर्ज काढलं. हॉस्पिटलातल्या नर्सेसची भिशी होती, त्यात मल्याळी, फिलिपिनो, आपल्या मराठी, सगळ्या. त्या वर्षीचा पहिला नंबर सगळ्यांनी मिळून रेखाला दिला. तरी कमी पडत होतं. उरला तो नोकरी सोडताना एकरकमी मिळणारा पैसा. आमच्या ऑफिसचा पहिला नियम असा की व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत कुणी राजीनामा द्यायचा नाही. मी तिला तीनतीनदा बजावलं होतं. पण नोकरी सोडल्याशिवाय तो पैसा मिळत नव्हता, आणि तो पैसा दाखवल्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नव्हता. तिने राजीनामा दिला आणि मग मला सांगितलं.

आणि व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं: प्रवासाचा हेतू पटत नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या बाजूने बघा. चाळिशीतली नर्स, हातची नोकरी सोडलेली, खात्यात सगळा पैसा गेल्या महिन्यात आलेला. विद्यार्थी म्हणून शिरायचं आणि तिथे काम धरायचं, असे लोक त्यांनी पाहिलेले असतात.

रेखा माझ्यासमोर बसून होती. तिची जागा हॉस्पिटलने भरली होती. नोकरी गेली की इथला रहिवासाचा परवानाही जातो. "ताई, मी घर बुडवलं का हो?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दिगंबर सुट्टी काढून सूरहून आला. त्याने पहिल्यांदा तिचा परवाना स्वतःच्या नावावर, म्हणजे त्याची बायको म्हणून, करून घेतला. ऑफिसात कागद घेऊन आला तेव्हा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आता मी हिचो अर्बाब. आता हिणा माका विचारल्याशिवाय खय जावचा नाय." रेखा त्या सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अर्बाब, मग जेवणाचं काय केलंय?" त्याने खरोखरच डब्यात सुरमईचं कालवण आणलं होतं. आम्ही ऑफिसात बसून खाल्लं.

मग आम्ही पुन्हा अर्ज केला. पैशाचा एकेक धागा उलगडून दाखवला: हा नोकरीचा, हा कर्जाचा, हा मैत्रिणींच्या भिशीचा. आणि विनंती केली की एकदा समोर बोलवा. बोलावणं आलं. पैसे देणारा म्हणून नवऱ्यालाही बोलावलं. दिगंबरचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं, म्हणून दुभाषी म्हणून मला आत सोडलं.

टेबलापलीकडे एक तरुण बाई होत्या, केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या. त्यांनी रेखाला विचारलं की या वयात का. रेखाने मला सांगितलं होतं तेच सांगितलं, इच्छा मुलीच्या डोक्यावर ठेवल्याचं आणि मुलीने परत दिल्याचं. बाईंनी लिहून घेतलं. मग त्या दिगंबरकडे वळल्या. "तुमची बायको सहा वर्षं लांब राहणार. यात तुमचा काय फायदा?"

मी मराठीत सांगितलं. दिगंबरने घसा साफ केला. "तेंका सांगा, ही रोज जेवताना माका आजार सांगता. मी माशाचो काटो काढतंय आणि ही माका पित्ताशयाचे खडे समजावता. माका इंजिनाचा कळता, ह्या काय कळणा नाय. थंय वर्गात हिका कोणतरी ऐकणारो गावतलो. सहा वर्सां माका शांतपणान जेवूक गावतला."

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि ती परत आलीच नाही तर?"

दिगंबरने क्षणभरही विचार केला नाही. "नाय इली तर मी थंय जातलंय. तेंका विचारा, तेंच्याकडे समुद्र असा मां? बोटी असतीत मां?"

म्हणजे नवराही तिकडेच स्थायिक व्हायच्या तयारीत! व्हिसा नाकारायला याहून चांगलं कारण कुठलं? रेखाने डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "काय म्हणाले ते?"

दुभाष्याने शब्द बदलायचा नसतो. मी तेही जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "समुद्र आहे," त्या म्हणाल्या. "पण माझे वडील बंदरावर मेकॅनिकच होते. त्यांना सांगा, तिथे त्यांना इथल्या निम्माही पगार मिळणार नाही."

मी सांगितलं. दिगंबर विचारात पडला. मग रेखाकडे वळून म्हणाला, "मगे तू परत ये गो. माका परवडूचा नाय."

त्या बाई इतक्या मोकळ्या हसल्या की दारातून दुसरा अधिकारी डोकावून गेला. व्हिसा पुढच्याच आठवड्यात झाला.

या कामाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आईबापांनी ढकललेली काही मुलं अर्ध्यातून परत आली, आणि त्यांच्या घरचे सण नंतर कितीतरी वर्षं मुके गेले. मी विचारत असे, मुलं मान खाली घालून "हो" म्हणत, आणि त्या "हो"पुढे माझा इलाज चालत नसे. ती मुलं अजून आठवतात. म्हणूनच सानिकासारखी, तोंडावर "नको" म्हणणारी मुलं मला फार आवडतात. सानिका आता महाराष्ट्रात जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमाला आहे आणि आईकडे दर परीक्षेनंतर निकाल मागते.

रेखा शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली. हाडांची लॅटिन नावं पाठ होईनात. दुसऱ्या खेपेला पास झाली, आणि मग घोडं पळायला लागलं. पण खरी गंमत वेगळीच झाली. आमच्या ऑफिसात पालक येऊन सांगायला लागले, "मुलीला त्या कॉलेजातच घाला, तिथे त्या पेडणेकर आंटी आहेत ना." त्या कॉलेजचे प्रवेश वाढले. एक दिवस रेखाचा फोन आला, भडकलेली. "ताई, मी इथे शिकायला आलेय, वसतिगृहाची रेक्टर म्हणून नाही! काल एका पोराला ताप आला तर त्याच्या आईने नागपूरहून मला फोन केला."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? पेज करून दिली."

इथला परवाना टिकवायचा तर सहा महिन्यांच्या आत ओमानच्या जमिनीला पाय लावावा लागतो, म्हणून ती दर सुट्टीत सूरला येते. गेल्या उन्हाळ्यात तिची सुट्टी संपत होती, आणि आमच्या ऑफिसची नवी मुलं त्याच विमानाने पहिल्या वर्षाला निघाली होती. माझी ती शेवटची तुकडी. मी विमानतळावर गेले. आया रडत होत्या, बाप घड्याळं बघत होते, मुलं मोबाइलमध्ये तोंड खुपसून होती. रेखा आली, पाठीवर सॅक, पायात स्पोर्ट्स शूज. तिने एकदा सगळ्यांकडे नजर फिरवली आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "पासपोर्ट हातात, बॅगेत नाही. लाडवांचे डबे चेक-इनमध्ये. आईला मिठी मारून घ्या, मग एका ओळीत या." पोरं निमूट ओळीत लागली. कुणाच्या आईने तिच्या हातात लोणच्याची बरणी कोंबली, ती तिने न कुरकुरता सॅकमध्ये ठेवली.

काउंटरवर एक तरुण ओमानी मुलगा होता. त्याने तिच्या मागची रांग बघितली आणि हिंदीत विचारलं, "आप टीचर?"

"नहीं."

"इन लोगों की मम्मी?"

"नहीं. स्टुडंट. चौथं वर्ष सुरू होतंय," ती घाईत मराठीतच बोलून गेली आणि मग हाताची चार बोटं दाखवली.

त्याने पासपोर्टावरचा व्हिसा पाहिला. मग फोटो, मग तिच्याकडे, आणि पुन्हा व्हिसा. मी मागे उभी होते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने श्वास रोखून होते. त्याने बोर्डिंग पास पासपोर्टात नीट ठेवला, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"यल्ला, चलो, डॉक्टर," तो म्हणाला. "आप के बच्चे रुके हैं."